बियाण्याची चोवीस गाजरं

आमच्या घरात एक किस्सा फार कौतुकाने सांगितला जातो. आखाती लढाईच्या हिवाळ्यात, सौदीत भाजीपाला मिळेनासा झाला तेव्हा, मी म्हणे अकरा माणसांना जमिनीत राखून ठेवलेल्या गाजरांवर आणि सलगमांवर जगवलं. बायको सांगते, मुलगी सांगते. गेल्या मे महिन्यात मुलीच्या सासरची मंडळी जेवायला आली होती, तेव्हा मेव्हण्याने सांगितला. मी अशा वेळी खाली मान घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

त्या दिवशी मात्र मला पानावरून उठावं लागलं. ती गाजरं मी लावलेली नव्हती. ज्याने लावली त्याला तिथून घालवण्यात माझा हात होता. आणि ते मी ज्याच्यासाठी केलं तोच माणूस समोर बसून, आंब्याची फोड चोखत, माझे गोडवे गात होता.

मेव्हण्याला यातलं काही ठाऊक नाही. आता वाचेल.

सौदीतल्या हाइल शहरापासून गाडीने तासभर उत्तरेला गव्हाची मोठी शेती होती. मी तिथे टाइमकीपर होतो. हजेरी, ओव्हरटाइम, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कधी संपतो त्याची नोंद, असलं काम. वय सव्वीस. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यातले बायकोसोबत घालवलेले दिवस मोजून सत्तर. कॅम्पात आम्ही अकरा हिंदुस्थानी, बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे. बाकी इजिप्तचे मिसरी, सुदानी आणि सात यमनी.

यमनींतला सर्वांत म्हातारा चौकीदार होता. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तो मला ‘या हिंदी’, म्हणजे ‘अरे हिंदुस्थानी’, म्हणून हाक मारायचा, आणि मलाच मारायचा, इतरांना नाही. चौकीदारी नावापुरती. त्याचा खरा जीव वर्कशॉपच्या मागच्या तुकड्यात होता. पंपाचं सांडपाणी तिकडे वळवून त्याने वाफे केले होते. मुळे, बीट, सलगम, आणि एका कडेला गाजरं. आपल्याकडे मिळतात तशी लाल किंवा केशरी नाहीत. वरून जांभळी, आतून पिवळी. आमटीत घातली की आमटी काळी व्हायची.

त्या गाजरांचं बी त्याच्या आईच्या शेतातलं होतं. डोंगरउतारावरचं गाव. गावातले पुरुष एकेक करून सौदीत आले, शेतं ओस पडली, गाजरही गेलं. ते फक्त इथे उरलं होतं, एका परक्याच्या पंपाच्या सांडपाण्यावर. तो हे दुःखाने सांगत नसे. ‘माझी आई वाळवंटात राहते,’ असं म्हणून हसायचा. पुढचे दोन दात नव्हते.

नव्वदच्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. यमनच्या सरकारने इराकची बाजू घेतली असं सगळे म्हणू लागले, आणि सप्टेंबरात फर्मान निघालं. परदेशी माणूस सौदीत राहतो तो कुणातरी सौदी मालकाच्या नावावर, त्याला कफील म्हणतात. यमनींना तोवर कफील लागत नसे. आता लागणार होता. दोन महिन्यांत कफील मिळवा, नाहीतर देश सोडा.

चाचाने त्याच आठवड्यात गाजर पेरलं होतं. जवळ होतं तेवढं सगळं बी.

एका दुपारी मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, मला ऑफिसात बोलावलं. ‘कफील चौघांचे कागद करणार आहे. यमनी सात आहेत. कुणावाचून काम अडतं ते तू लिही. हजेरी तुझ्याकडे असते.’

मी कागद घेऊन दारापर्यंत गेलो, तेव्हा तो मागून म्हणाला, ‘चौकीदार गेला तर एक व्हिसा मोकळा होईल. तू एकदा बायकोच्या भावाचं बोलला होतास ना?’

एवढंच. दम दिला नाही, वचनही दिलं नाही. पुढे अनेक वर्षं मी मनातल्या मनात त्याच्यावरच सगळं ढकलायचा प्रयत्न केला. पण त्याने फक्त आठवण करून दिली होती. लिहिलं मी.

मेव्हणा आयटीआय करून वर्षभर घरी बसला होता. बायकोच्या प्रत्येक पत्रात शेवटच्या चार ओळी त्याच्या. सासऱ्यांनी लग्नात माझ्याकडे बघून म्हटलं होतं, ‘एकाला तुम्ही न्या, म्हणजे आमचं झालं.’ कोकणातल्या ज्या घरात आखाती जावई येतो, तिथे पुढच्या व्हिसाची वाट बघणं त्या दिवसापासून सुरू होतं. न बोलता. तांदूळ निवडताना, शेजारी बसायला आले की, जावई सुट्टीवरून परत निघाला की.

तीन नावं सरळ होती. दोघे हार्वेस्टरवाले, एक पंपवाला. चौथ्या जागी मी एका तरुणाला घातलं. तो ट्रॅक्टर चालवायचा आणि आठवड्यातून एकदा तरी कुठेतरी ठोकायचा. त्याच्यापुढे लिहिलं, अत्यावश्यक. चाचाच्या नावापुढे लिहिलं, नॉट रिक्वायर्ड. अक्षर माझं चांगलं होतं. तेव्हा सगळे त्याचं कौतुक करायचे.

यादी लागल्यावर चाचा ऑफिसात आला. हातात मुळ्यांची जुडी, नेहमीसारखी.

‘या हिंदी, तू माझं नाव लिहिलं होतंस ना?’

‘लिहिलं होतं.’

‘मग मुदीरने खोडलं.’

मी मान हलवली. हो म्हणायचीही हिंमत झाली नाही, फक्त मान.

त्याने मुदीरच्या बापाला दोन सणसणीत शिव्या घातल्या. मग टेबलावर मुळे ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘तू तोंड पाडू नकोस. तुझा काय दोष?’

मुळे दोन दिवस टेबलावर तसेच होते. पानं पिवळी पडली तेव्हा झाडूवाल्याने उचलले.

जाण्याआधी दोन दिवस त्याने मला वाफ्यांची शिकवणी दिली. हाइलच्या थंडीचा मला अनुभव होता, एक हिवाळा काढला होता. पहाटे नळ गोठायचे. पण त्या थंडीत मुळं जमिनीतच ठेवायची हे नवीन होतं. पानं दोन बोटं ठेवून छाटायची. वर माती ओढायची. मातीवर हातभर गव्हाचं काड, आपल्याकडे भाताचा पेंढा असतो तसं. काड उडू नये आणि शेळ्यांनी ओढू नये म्हणून वर काटेरी फांद्या. लागेल तेवढं रोज काढायचं, पण दुपारी, ऊन लागल्यावरच. सकाळी हात लावायचा नाही. ‘थंडी त्यांना गोड करते,’ तो म्हणाला. ‘माणसांना नाही करत.’

गाजरांच्या वाफ्याच्या टोकाला त्याने चोवीस गाजरं निवडून, भोवती पांढऱ्या दगडांचं कडं केलं होतं. ती खायची नाहीत. गाजर पहिल्या वर्षी बी देत नाही. हिवाळा जमिनीत काढला की वसंतात त्याला तुरा येतो, छत्रीसारखी फुलं येतात, मग बी. दरसाल तो चांगली बघून राखायचा.

‘ह्या आया आहेत,’ तो म्हणाला. ‘बाकी सगळं खा. लढाई वसंतापर्यंत संपेल. मी येईन, नाहीतर माणूस पाठवीन. घरी हात हलवत जातोय बघ. जमीन भाऊ देईल, बी कोण देईल?’

मी म्हटलं, ‘सांभाळतो.’

नोव्हेंबरात ते तिघे लॉरीने गेले. गाद्या, रॉकेलचा स्टोव्ह, पत्र्याच्या पेट्या. चाचा मागे बसला होता. त्याने हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी त्याने पेटी धरली होती.

महिन्याभरात मी मुदीरला व्हिसाचं विचारलं. त्याने रेडिओकडे बोट दाखवलं. ‘खलास. लढाई निवळेपर्यंत कुणाचा व्हिसा नाही.’

बायकोचं पत्र आलं, की भाऊ पासपोर्ट उशाशी घेऊन झोपतो.

जानेवारीत विमानं सुरू झाली. आमच्यावर काही पडलं नाही, पण रियाधवर क्षेपणास्त्रं येत होती आणि विषारी वायूची भीती सगळ्यांना होती. आम्ही एका खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्या. रेडिओवर इशारा झाला की अकराही जण आत. हाइलच्या बाजारातून कांदे-बटाटे गायब. सामानाची गाडी आठवडाभर येत नसे. सकाळ-संध्याकाळ गाजर आणि सलगम.

कॅम्पात श्रीवर्धनकडचा एक लॉरी ड्रायव्हर होता. शेतीचा माल घेऊन तो देशभर फिरायचा, अरबी फर्डा बोलायचा आणि गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं. मी त्याला भाई म्हणायचो.

‘टाइमकीपरसाहेब, ह्यो मुळ्याचा सावत्र भाऊ आज पण काय?’

‘भाई, मिळतंय ते खा.’

‘खातो ना! पण त्या बंद खोलीत अकरा माणसं सलगम खाऊन बसली, तर सद्दामला वायू सोडायची गरजच काय?’

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग कुणीतरी म्हणालं, साहेबाने बाग राखली म्हणून वाचलो. मी म्हणालो नाही की बाग चाचाची आहे. सगळ्यांना ते माहीतच होतं, पण जो निघून गेला त्याचं श्रेय हळूहळू उरलेल्याकडे येतं. मी ते येऊ दिलं. घरी पत्रात तर मी चाचाचा उल्लेखच केला नाही. किस्सा तिथून सुरू झाला.

दगडांच्या कड्याला मात्र मी कुणाला शिवू देत नव्हतो. रोज दुपारी जाऊन बघायचो. मला वाटायचं, एवढं एक नीट केलं तर पहिलं थोडं तरी फिटेल.

जानेवारीच्या अखेरीस दोन दिवस पाऊस पडला. तिथला हिवाळी पाऊस, बारीक आणि गार. तिसऱ्या दिवशी आभाळ लख्ख झालं. दुपारी मी वाफ्यावर गेलो तर काड काळं पडलेलं, भिजून चप्प बसलेलं. खाली हात घातला तर ओल, कोंदट उबारा आणि पांढऱ्या बुरशीचे तंतू.

मी कोकणातला माणूस. आमच्याकडे कंद मरतात ते ओलीने. वडील पावसाआधी सुरण आणि करांदे काढून राखेत घोळवायचे, चुलीवरच्या माळ्यावर पसरायचे. एखाद्याला ओल लागली की रास नासते, म्हणून दर चार दिवसांनी माळ्यावर चढून हाताने चाचपायचे. ‘वारा लागू दे’ हे त्यांचं कायमचं वाक्य. थंडीने काही मरतं हे माझ्या हाडात नव्हतंच. नळ गोठलेला बघूनही नव्हतं. ते तंतू बघितले आणि माझ्या मनात एकच आलं, की आया कुजणार.

मी काट्या बाजूला केल्या. सगळं काड उचलून कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातलं. वरची ओली माती बोटांनी उकरून चोवीसही गाजरांची डोकी मोकळी केली. वारा लागावा म्हणून. संध्याकाळी वाऱ्यात काड सळसळत होतं. ओलसर होतं अजून. म्हटलं, उद्या घालू.

शपथेवर सांगतो, ते मुद्दाम नव्हतं. पहिलं मुद्दाम होतं, हे नव्हतं. पण इतक्या वर्षांनी सारखं आठवतं ते हे दुसरंच, आणि ते का, ते मला अजून सांगता येत नाही.

सकाळी सगळी शेती पांढरी होती. बुटाखाली जमीन करकर वाजत होती. गाजरांची डोकी काचेसारखी दिसत होती, सुंदर. सकाळी हात लावायचा नाही हे आठवलं म्हणून मी उभा राहिलो. ऊन चढेपर्यंत तिथेच, हजेरी न घेता. मग ती काच ओघळायला लागली. एकाच्या डोक्याला बोट लावलं तर बोट आत गेलं.

मी काड परत घातलं. काट्या ठेवल्या. दोन दगड हलले होते ते जागेवर सरकवून कडं नीट केलं. पुढचा महिनाभर मी तिथे रोज जात होतो, पाणी देत होतो. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं की खाली काही जिवंत आहे.

मार्चमध्ये लढाई संपली होती. राहिलेल्या सलगमांना पिवळी फुलं आली, मधमाश्या आल्या. कड्यात काही उगवलं नाही. उकरून बघितलं तर चोवीस ठिकाणी काळी सालपटं.

मेमध्ये भाई जिझानहून परत आला. जिझान अगदी दक्षिणेला, यमनच्या सरहद्दीजवळ. जेवताना म्हणाला, ‘साहेब, सरहद्दीवरच्या बाजारात कोण भेटला सांगा. आपला चाचा! सरहद्दीपलीकडे तंबूत राहतो. उन्हाने पार काळा झालाय. हजारो माणसं तशीच पडलीत तिथे.’

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

‘त्याच्या भावाने डोंगरात जमिनीची एक पट्टी दिलीय त्याला. अंगणाएवढी. तिथे जाणार म्हणतो, पण बी आल्यावर. तुम्हाला विचारायला सांगितलंय, आया फुलल्या काय? तसंच विचार म्हणाला, हिंदीला कळेल.’

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं बोलायला फार काही लागलं नसतं. थंडीने मेली, एवढे दोन शब्द. त्यासाठी चाचाने मला माफही केलं असतं. पण मला वाटलं, एक धागा ओढला तर यादीपर्यंत जाईल.

‘फुलल्या,’ मी म्हटलं. ‘बी काढून ठेवलंय.’

‘मग द्या. पुढच्या महिन्यात परत जायचंय मला.’

त्या शुक्रवारी मी हाइलला गेलो आणि शेतीमालाच्या दुकानातून गाजराच्या बियांची पाकिटं घेतली. पाकिटावर केशरी गाजराचं चित्र होतं. बी गुलाबी होतं, किडीचं औषध लावलेलं. खोलीचं दार लावून ते तीन पाण्यांनी धुतलं. रंग गेला. वर्तमानपत्रावर वाळवलं. घरचं बी इतकं स्वच्छ नसतं म्हणून सलगमाच्या वाळक्या तुऱ्यांचा चुरा करून त्यात मिसळला. मग जुन्या रुमालात पुरचुंडी बांधली. हे सगळं मी अत्यंत काळजीपूर्वक केलं. गाजरांची काळजी घेताना घेतली नव्हती इतकी.

भाई जूनमध्ये घेऊन गेला आणि दहा दिवसांनी परत आला. मी त्याची लॉरी आत येताना बघितली आणि ऑफिसातच बसून राहिलो. तो स्वतःच आला.

‘दिलं तुमचं बी.’

‘काय म्हणाला?’

‘तळहातावर घेतलं. चोळलं. वास घेतला, परत घेतला. मग म्हणाला, टोचत नाही.’ भाईने माझ्याकडे बघितलं. ‘म्हणजे काय हो? बी काय टोचतं?’

गाजराच्या घरच्या बियांवर बारीक कुसं असतात. चोळलं की बोटांना टोचतात. पाकिटातल्या बियांची ती कारखान्यात काढून टाकलेली असतात. चाचाने मला ते कधीतरी बी निवडताना दाखवलं होतं. धुताना, वाळवताना, चुरा मिसळताना मला ते आठवलं नाही.

‘मला काय माहीत,’ मी म्हटलं. ‘अजून काय म्हणाला?’

‘काय नाय. गाठ परत बांधली, खिशात ठेवली. म्हणाला, पेरतो. हिंदीला सलाम सांग.’

‘बस?’

‘बस. म्हातारा आहे, उन्हात बसलेला. काय बोलणार? मी चहा पाजला, प्यायला नाही.’

जुलैत व्हिसे सुरू झाले. चौकीदाराच्या जागी एजंटाने आणलेला एक बंगाली आला. मुदीर म्हणाला, वरून ठरलं. मी भांडलो नाही. मेव्हण्याने पुढे चिपळूणला मोटर वायंडिंगचं दुकान काढलं, ते चांगलं चाललं. आखातात आला नाही हे त्याचं नशीबच. तो स्वतः तसं म्हणतो. आता मी हे सांगितल्यावर काय म्हणेल, कळत नाही.

पाकिटातलं केशरी गाजराचं बी संकरित, ते एक वर्ष पीक देतं. त्यातली गाजरं राखून पुन्हा बी धरलं तर काय उगवेल त्याचा भरवसा नसतो. डोंगरातल्या त्या अंगणाएवढ्या पट्टीवर त्याने काय पेरलं, पेरलं की नाही, डोंगरात तरी गेला की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेता आलं असतं. सप्टेंबरात भाई पुन्हा जिझानला निघाला. जाताना त्याने लॉरीच्या खिडकीतून विचारलं, ‘चाचाला काय निरोप?’ मी म्हटलं, ‘सलाम सांग.’ तो किती दिवसांनी येईल याचा अंदाज मला होता. त्या दिवसांसाठी मी मुदीरकडे जाऊन लांबच्या, बावीस किलोमीटरवरच्या पंपांची हजेरी मागून घेतली आणि तिथल्या शेडमध्येच राहिलो. चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा भाई बुरैदाला गेला होता. त्याने माझ्यासाठी निरोप ठेवलाय का, असं मी कुणाला विचारलं नाही. स्वयंपाकी काहीतरी सांगायला पुढे आला होता. मी त्याला म्हटलं, आधी वाढ, भूक लागलीय, आणि त्याच आठवड्यात सुट्टीचा अर्ज टाकला.